भिंतीचं देणं

घर सोडायला आठ दिवस उरले होते आणि मी मुलाचा निळा खडू हातात घेऊन भिंतींवरची भोकं मोजत फिरत होते. भोक दिसलं की त्याभोवती गोल. हॉलमध्ये १७, आमच्या खोलीत ९, मुलाच्या खोलीत ६, स्वयंपाकघरात ७ आणि बाल्कनीत ४. बेरीज ४३. कोथरूडच्या या घरात आमचे अकरा-अकरा महिन्यांचे चार करार झाले, म्हणजे ४४ महिने. महिन्याला एक भोक असा दर पडला, त्यातही एक कमीच. नवरा ते ऐकून म्हणाला, "म्हणजे तसे आपण हात राखूनच राहिलो."

गोल काढून झाल्यावर मी चार पावलं मागे सरकून पाहिलं. गोल नव्हते तोवर भिंत बरी दिसत होती. आता ती कांजिण्या आलेल्या पोरासारखी दिसायला लागली. "घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून" असं ज्यांनी म्हणून ठेवलंय, त्यांनी भाड्याचं घर सोडून पाहिलेलं नसणार.

तसं भाड्याचं घर म्हणणंही चूकच. हे मला काकांनी शिकवलं. काका म्हणजे आमचे घरमालक, बँकेतून निवृत्त झालेले. बँकेतून निवृत्त झाले तरी बँक त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. आमचा करार लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे कायद्याच्या लेखी आम्ही भाडेकरू नव्हेच, परवानाधारक. हा परवाना १८८२ सालच्या ईझमेंट्स ॲक्टातला. अकरा महिन्यांचीही एक गंमतच आहे. एका वर्षाहून मोठा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून नोंदणी टाळायला लोकांनी अकरा महिने शोधून काढले. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि त्याच्या ५५ व्या कलमानं सांगितलं की करार कितीही महिन्यांचा असो, लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. अकरा महिन्यांचं कारण गेलं, अकरा महिने मात्र राहिले. आता दर अकरा महिन्यांनी एक एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, आम्ही अंगठा देतो, तो चहा घेतो.

त्याच कायद्याच्या २४ व्या कलमात आणखी एक गोष्ट आहे, जी काकांनी मला पहिल्या चहालाच सांगितली होती: मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर दुप्पट दरानं भरपाई. त्यामुळे ३१ तारीख म्हणजे ३१ तारीख. आणि आमच्या करारातलं शेवटून दुसरं कलम असं, की घर घेतलं तसं परत करायचं, 'नैसर्गिक झीज वगळता'. मी काकांना फोन करून विचारलं, "काका, खिळ्याची भोकं झिजेत येतात का हो?"

काका क्षणभर थांबले. म्हणाले, "झीज म्हणजे जी आपोआप होते ती. खिळा आपोआप शिरतो का वहिनी?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

या सगळ्यात सासूबाईंना मात्र मूळ प्रश्नच कळत नव्हता. भिंत आहे आणि तिला काही टांगायचं नाही, मग ती भिंत कशाला? त्यांचं माहेर साताऱ्याकडचं, वाड्यातलं. तिथं भिंत दीड-दोन हात रुंद आणि ती बांधतानाच घरातल्या माणसांना काय काय लागणार याचा विचार झालेला. पगडी-उपरणं अडकवायला खुंट्या भिंतीतच बसवलेल्या. दिव्याला देवळी, तांब्या-भांड्याला कोनाडा, बाकी सगळ्या पसाऱ्याला फडताळ. खिळा ठोकायची वेळच यायची नाही. आमच्या बिल्डरनं दिली ती चार इंची सपाट पांढरी भिंत, आणि तिच्यासमोर चौघांचा संसार नुसता उभा. मग संसार काय करतो? हातोडी घेतो.

भिंतीचीही जात असते, हे आम्हाला घरं बदलता बदलता कळलं. आधीच्या घरी सिपोरेक्सचे ब्लॉक होते. त्यात ड्रिल असं शिरायचं, जसं चहात खारी. भोक पाडायचं सहा मिलिमीटरचं, पडायचं बोट जाईल एवढं. माझ्या भावाच्या नव्या टॉवरात मायवानच्या भिंती आहेत, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेलं सलग काँक्रीट. तिथं साधा खिळा ठोकला की ठिणगी उडते, खिळा नमस्कार करतो आणि भिंत जशीच्या तशी. त्याच्या घरात चार वर्षांत दोनच भोकं आहेत. यात शिस्त वगैरे काही नाही, हातात दम नाही. आमची कोथरूडची इमारत मात्र नव्वदच्या दशकातली. आत विटा, त्यावर वाळूचा गिलावा आणि त्यावर नीरू, म्हणजे चुन्याचा गुळगुळीत हात. नीरूवर डिस्टेंपरचे इतके थर की खरवडून पाहिलं तर आधीच्या भाडेकरूंच्या आवडीनिवडी कळाव्यात: पिस्ता, मग गुलाबी, मग कुणाचा तरी धीट निळा. या भिंतीत खिळा सुखानं जातो. बाहेर येताना मात्र रुपयाएवढा पोपडा घेऊन येतो.

आता ४३ भोकं कुठून आली, हे सांगायला हवं, नाहीतर आम्ही सुतारकाम करणारे वाटू. पडद्यांचे रॉड, घड्याळ, पाण्याचा फिल्टर, लग्नाचा फोटो, गॅसजवळ झारे-पळ्यांची पट्टी. ही झाली कमावती भोकं. मच्छरदाणीचे चार कोपरे चार वेगवेगळ्या उंचीवर, कारण नवऱ्यानं ते डोळ्याच्या अंदाजानं मारले आणि डोळा झोपेला आला होता. दाराच्या चौकटीशी तोरणाचे दोन. बाल्कनीत आकाशकंदिलाचा हूक एक, तो वाऱ्यानं भिंतीवर आपटतो म्हणून फूटभर बाजूला दुसरा, तिथं बल्बची वायर पोचेना म्हणून तिसरा, आणि शेवटी कंदील ग्रिललाच बांधला. चौथं भोक कपड्यांच्या दोरीचं. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी एक गंजका, जाड, डोकं वाकलेला खिळा होता. त्यावर पहिल्या दिवसापासून आमचं कालनिर्णय. तो खिळा मी म्हणत होते नवऱ्यानं मारला, तो म्हणत होता मी. अशा वादात ज्याची हातोडी त्याचा खिळा, म्हणून तो मी नवऱ्याच्या खात्यावर टाकला.

आणि मग टीव्ही. टीव्हीच्या ब्रॅकेटला भोकं लागतात चार. आमची झाली नऊ. पहिली दोन पाडल्यावर लक्षात आलं की ब्रॅकेट उलटा धरलाय. पुढची दोन बरोबर आली, फक्त सोफ्यावरून बघायला मान वर करावी लागेल एवढी उंच. पाचवं वायरच्या पाइपाच्या अगदी जवळून गेलं, आणि त्यानंतर नवरा दहा मिनिटं गप्प बसून होता. शेवटची चार हार्डवेअरवाल्याच्या पोरानं येऊन मारली. त्यानं आधीच्या पाचांकडे बघून एक शब्द काढला नाही. पोरगं गुणी.

ही भोकं नुसती नव्हती, त्यांत प्लास्टिकच्या गिट्ट्या होत्या. ही नायलॉनची गिट्टी आर्टुर फिशर या जर्मन माणसानं १९५८ साली काढली. स्क्रू आत जातो तशी ती फुगते आणि भिंतीला चिकटून बसते. या माणसाच्या नावावर हजाराहून जास्त पेटंटं आहेत. त्यातलं एखादं गिट्टी बाहेर काढायचं असतं तर आमचा रविवार वाचला असता. शेवटी युक्ती सापडली: स्क्रू दोनच आटे फिरवायचा आणि पकडीनं स्क्रूसकट ओढायचं, लहान मुलाचा हलता दात काढावा तसं. कुरकुरत येते. नाहीच आली तर हातोडीनं आत ठोकायची आणि वरून बुजवायची.

कशानं बुजवायची, यावर घरात चर्चासत्र झालं. नवरा इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर चार वर्षं राहिलेला. तिथं वर्ष संपलं की पोरं भोकात टूथपेस्ट भरायची, हे तो एखाद्या घराण्याची गायकी सांगावी तशा अभिमानानं सांगतो. मी काही बोलायच्या आत त्यानं मुलाच्या खोलीतली तीन भोकं भरूनही टाकली. आमच्याकडे टूथपेस्ट आयुर्वेदिक असते. तपकिरी. भिंतीवर तीन झुरळं बसल्यासारखी दिसायला लागली, आणि खोलीला लवंगेचा वास. सासूबाई म्हणाल्या, कणीक भरा. मी म्हटलं, मुंग्या येतील. त्या म्हणाल्या, "तोवर आपण गेलेलो असू की."

हे मात्र मला पटण्यासारखं वाटलं, म्हणून मी घाईनं बोहरी आळी गाठली.

रविवार पेठेतल्या बोहरी आळीत माणूस एक वस्तू घ्यायला जातो आणि त्या वस्तूचं खरं नाव शिकून येतो. मी मागितली "भोकं बुजवायची पांढरी पावडर". दुकानदारानं चष्म्यावरून बघितलं. "खिळ्याची भोकं की ड्रिलची?" दोन्ही. "किती?" त्रेचाळीस. त्यानं चष्मा काढला. मग शांतपणे सांगितलं: मोठ्या भोकांना आधी व्हाइट सिमेंट किंवा पीओपी, वरून लांबी. लांबी म्हणजे पुट्टी; रंगारी अजून लांबीच म्हणतात. लांबी ओढायला एक पत्र्याची पट्टी, घासायला पॉलिश पेपर एक १२० नंबर आणि एक २२०. "आणि ताई, भोक आधी ओलं करा. कोरडी भिंत लांबीतलं पाणी पिऊन टाकते, मग ती गळून पडते." मी निघताना त्यानं विचारलं, "मालक कडक आहेत का?" मी म्हटलं, बँकेत होते. त्यानं आणखी एक किलो पीओपी बांधून दिलं.

पीओपी म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीत जिप्समच्या खाणी होत्या, त्यावरून हे नाव. जिप्सम भाजला की त्यातलं बरंचसं पाणी निघून जातं आणि पीठ होतं. त्या पिठाला पाणी परत दिलं की ते तापतं आणि पुन्हा दगड होतं. हे मला प्रात्यक्षिकानं कळलं. मी स्टीलच्या वाटीत पीओपी कालवलं, श्रीखंडाएवढं दाट, आणि पट्टी कुठं ठेवली ते शोधायला गेले. पट्टी फ्रिजवर सापडली. येईपर्यंत वाटी हाताला चांगलीच गरम लागत होती आणि चमचा त्यात उभा होता. चमचा उचलला तर वाटीही उचलली गेली. नवऱ्यानं वाटी उलटी करून ठोकली, तेव्हा त्यातून एक सुबक पांढरी इडली पडली, चमच्यासकट. मुलानं ती शाळेत 'ममी'चा प्रकल्प म्हणून नेतो असं सांगून ठेवली आहे.

दुसऱ्या वेळी थोडं थोडं कालवलं. मग हाताला लय सापडली. ओल्या बोटानं भोक भिजवायचं, पट्टीच्या टोकावर सुपारीएवढा गोळा घ्यायचा, दाबायचा आणि पट्टी तिरकी धरून एकदाच ओढायची. एकदाच. दुसऱ्यांदा ओढली की मघाचंही निघून येतं. लांबी वाळताना आक्रसते, म्हणून सकाळी भरलेल्या भोकाला संध्याकाळपर्यंत खळी पडते आणि दुसरा हात द्यावा लागतो. मग पॉलिश पेपर. त्याची पूड भुवयांवर बसते आणि नवरा-बायको दोघंही एकदम पासष्टीचे दिसायला लागतात. एकमेकांना तसं बघून आम्ही पाच मिनिटं हसलो. मग म्हातारपणी असेच भाड्याच्या घरात असू का, असा विचार एकाच वेळी दोघांच्या मनात आला असावा, कारण हसणं एकदमच थांबलं.

बहीण बंगळूरला असते. व्हिडिओ कॉलवर आमच्या भुवया बघून तिनं विचारलं, हे काय चाललंय. सांगितलं, तर तिला आमची कीव आली. तिकडे दहा-दहा महिन्यांचं डिपॉझिट घ्यायची जुनी रीत, आणि सोडताना एक महिन्याचं भाडं रंगासाठी सरळ कापून घेतात, भोकं असोत की नसोत. "मग आम्ही हवी तेवढी मारतो," ती म्हणाली. तिच्या मागच्या भिंतीवर मला एकूण २३ फ्रेम दिसल्या. माणसाला पैसे आधीच कापले जाणार हे माहीत असलं की त्याची कलादृष्टी कशी बहरते बघा. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नसावं असं म्हटलंय, हे मी तिला सांगितलं. ती इतकी हसली की फोन हलायला लागला.

शुक्रवारी ४३ भोकं बुजली. तपकिरी तीन खरवडून पुन्हा भरली. खडूचे गोल ओल्या फडक्यानं पुसायला गेले, तर प्रत्येकाचा एक निळा ढग झाला, तेही घासले. आता फक्त रंगाचा एक हात. रंग काय, पांढराच.

पांढरा! शेडकार्ड उघडलं आणि माझी बोलती बंद झाली. पांढऱ्याचे इतके प्रकार बर्फाळ प्रदेशातही नसतील. मोत्याचा, हस्तिदंताचा, दुधाचा, सायीचा. भिंतीचा पोपडा कागदात बांधून दुकानात नेला. त्यांनी मशिनला दाखवून हुबेहूब रंग कालवून दिला. तो पोपडा मात्र कपाटामागचा होता. चार वर्षांत कपाटामागचा पांढरा कपाटामागेच राहिला, आणि हॉलमधला पांढरा आमच्याबरोबर राहिला: रोजच्या फोडण्या, संध्याकाळची उदबत्ती, सासूबाईंचा धूप, गणपतीतला कापूर. त्यामुळे रंग वाळल्यावर पिवळट भिंतीवर ४३ शुभ्र ठिपके उमटले. भोकं होती तेव्हा ती बघायला जवळ जावं लागत होतं. आता रिक्षातून दिसली असती.

शेवटी समोरच्या बिल्डिंगीत काम करणाऱ्या रंगाऱ्याला हाका मारून बोलावलं. त्यानं दारातूनच पाहिलं. "कुणी केलं?"

"आम्हीच."

"लांबी चांगली ओढलीय," तो म्हणाला, आणि खरं सांगते, दहावीच्या निकालानंतर इतकं बरं मला पहिल्यांदाच वाटलं. "पण ताई, मधेच ठिपका मारायचा नसतो. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत मारायची. भिंत संपते तिथंच रंग संपला पाहिजे, म्हणजे डोळ्याला कळत नाही." त्यानं शनिवारी रात्री उशिरापर्यंत बसून हॉलच्या दोन भिंती आणि आमच्या खोलीची एक अशा कोपऱ्या-कोपऱ्यानं मारून दिल्या. उरलेल्यांना त्यानं जुन्या डब्यात चिमूटभर पिवळा आणि थेंबभर तपकिरी टाकून आमच्या फोडण्यांचा रंग कालवला. इतका जुळला की सासूबाई भिंतीजवळ जाऊन वास घेऊन आल्या.

रविवारी ३१ तारीख. दहा वाजता येतो म्हणालेले काका नऊ पंचावन्नला आले. हातात बॅटरी, काखेत फाइल. सामान टेम्पोत चढलं होतं, घर घुमत होतं. काकांनी बॅटरी भिंतीला चिकटवून तिरकी धरली. उजेड असा आडवा टाकला की उंचवटा लपत नाही. बँकेत नोटा अशाच बघत असतील. हॉल झाला. टीव्हीच्या जागेवर हात फिरवला आणि काही बोलले नाहीत. आमची खोली झाली. मुलाच्या खोलीत पेन्सिलीनं केलेल्या मुलाच्या उंचीच्या खुणा होत्या, त्या पुसायला माझा हात धजला नव्हता. काकांनी त्या वाचल्या, म्हणाले, "बराच वाढला की," आणि बॅटरी पुढे नेली.

स्वयंपाकघराच्या दाराशी ते थांबले. भिंतीवर एका जागी बोट ठेवलं, मग सगळा तळवा फिरवला. बॅटरी बंद केली.

"वहिनी, इथला खिळा कुठाय?"

"बुजवला ना काका," मी म्हटलं. "बघा, कळतसुद्धा नाही."

"अहो, तो माझा होता."

शांतता.

"घर घेतलं तेव्हा आमच्या वडिलांनी मारला होता. पहिल्या दिवशी. त्यावर आमचं कालनिर्णय असायचं. १९७३ ला पहिला अंक निघाला, तेव्हापासून वडील घेत आले. घरात भांडी यायच्या आधी कॅलेंडर लावलं होतं त्यांनी." त्यांनी फाइल उघडली. आमच्या पहिल्या करारासोबतची यादी होती, आमच्याच सहीची: पंखे ४, ट्यूब ५, गीझर १, आणि अगदी खाली बारीक अक्षरात, खिळा (स्वयंपाकघर) १.

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. चार वर्षं मी जो खिळा त्याच्या खात्यावर टाकत आले होते, तो आज व्याजासह परत आला होता. तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

खिळा कचऱ्याच्या पिशवीत होता. पीओपीची ढेकळं, पॉलिश पेपर आणि तपकिरी खरवड उपसून मी तो शोधून काढला. हातोडी टेम्पोत, तिसऱ्या खोक्याखाली. नवरा ती घेऊन आला आणि ठोकायला पुढे झाला, पण काकांनी टीव्हीच्या भिंतीकडे एकदा बघून हात पुढे केला. "आणा. मी मारतो."

त्यांनी बरोबर जुन्याच जागी नेम धरला. ताजी लांबी, त्यात जुना नीरू. पहिल्या घावाला खिळा टेकला, दुसऱ्याला आत गेला, तिसऱ्याला पुरीएवढा पोपडा सुटून काकांच्या चपलेवर पडला. आत पिस्ता, गुलाबी आणि तो धीट निळा असे सगळे भाडेकरू ओळीनं दिसायला लागले.

काका पोपड्याकडे बघत राहिले. मी मनात ४४ म्हटलं.

"कॅलेंडर आहे का तुमचं?" त्यांनी हळूच विचारलं.

ते माझ्या पिशवीतच होतं, वर्ष संपायला अजून चार महिने होते. काकांनी ते खिळ्यावर अडकवलं, दोन बोटं डावीकडे सरकवलं. पोपडा झाकला गेला, फक्त खालची एक निळी कड उरली. त्यांनी सुतळी थोडी सैल केली. तीही गेली.

"काका, त्यावर या महिन्याचा दुधाचा हिशेब आहे," मी म्हटलं.

"राहू दे," काका म्हणाले, आणि चेकबुक काढायला खिशात हात घातला.